तीन थेंबांचं शेणखत

एप्रिल-मे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची सुगी. रबी निघालेली असते, रानं मोकळी असतात आणि लोक पिशव्या घेऊन येतात. लग्नाच्या आहेरातल्या कापडी पिशव्या, किराणा दुकानाच्या पिशव्या, कधी खताच्या गोणीचा कापलेला तुकडा. आत अर्धा किलो माती आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी. खताच्या गोणीतून आलेली माती मी परत पाठवायचे. लोक रागवायचे. पण गोणीच्या शिवणीत चार दाणे युरिया किंवा पोटॅश राहिलं असलं, तर ती माती त्या रानाची राहत नाही.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी 1994 साली माती परीक्षण प्रयोगशाळेत लागले आणि 2024 साली निवृत्त झाले. सामू, क्षारता, स्फुरद, पालाश अशी टेबलं वाटलेली असत. माझ्याकडे सेंद्रिय कर्ब आला तो शेवटपर्यंत राहिला. हे टेबल कुणाला नको असायचं, कारण त्यात गंधकाचं तीव्र आम्ल हाताळावं लागतं. माझ्या तीन साड्या आणि डाव्या मनगटाची थोडी कातडी त्यात गेली.

रीत साधी आहे. सावलीत वाळवलेली, कुटून बारीक चाळलेली एक ग्रॅम माती चंबूत घ्यायची. तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण 10 मिली, मग आम्ल 20 मिली. चंबू हाताला चटका देण्याइतका तापतो. अर्धा तास ठेवायचा. या अर्ध्या तासात डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. किती खर्ची पडलं हे उरलेल्यावरून काढायचं. पाणी घालायचं, थोडं फॉस्फोरिक आम्ल, दर्शक म्हणून डायफिनाइल अमीन, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडायचं. गडद जांभळं-निळं पाणी गढूळ निळं होतं आणि मग एका थेंबाला लख्ख हिरवं. त्या थेंबाला हात थांबला पाहिजे.

वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी 1934 साली मांडलेली ही पद्धत आहे. सगळा कर्ब यात जळत नाही. सरासरी 77 टक्के जळतो असं धरून उत्तराला 1.3 ने गुणायचं. ज्या चंबूत माती नसते त्याला ब्लँक म्हणतात. त्याला 20 मिली लागले आणि मातीच्या चंबूला 18, तर त्या दोन मिलीच्या फरकातून 0.39 टक्के कर्ब निघतो. आमच्या तक्त्यात 0.20 पर्यंत अत्यंत कमी, 0.40 पर्यंत कमी, 0.60 पर्यंत मध्यम, अशा सहा पायऱ्या होत्या. वरच्या तीन पायऱ्या लिहिण्याची वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली. कधी एखादा चंबू आम्ल पडताच नारिंगीचा थेट हिरवा व्हायचा, म्हणजे सगळं डायक्रोमेट एका ग्रॅमनं खाऊन टाकलेलं असायचं. तेव्हा मी काही न विचारता चिठ्ठी उलटून बघायचे आणि मग बाहेर बाकावर बसलेल्याला म्हणायचे, "काका, ही माती रानातली का उकिरड्याजवळची?" बहुतेक जण हसायचे. काहींनी बांधावरच्या लिंबाखाली सावलीत बसून नमुना काढलेला असायचा.

एका मे महिन्यात माझ्या हातून घोळ झाला. फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण हवेत राहिलं की त्याचा जोर कमी होतो. उन्हाळ्यात तर रोज. म्हणून रोज सकाळी आधी ब्लँक काढायचा असतो. त्या दिवशी नमुन्यांचा ढीग होता, वरून तगादा होता, आणि मी आदल्या दिवशीचाच ब्लँक धरून चाळीस नमुने उरकले. दुपारी गणितं मांडायला बसले. सगळ्या गावाचा कर्ब अचानक उतरलेला. एका मुरमाड रानाच्या नमुन्याला तर ब्लँकपेक्षा जास्त मिली लागलेले, म्हणजे त्या मातीत शून्यापेक्षाही कमी कर्ब! तो एक नमुना नसता तर बाकीचे एकोणचाळीस "अत्यंत कमी" असा शेरा घेऊन आपापल्या घरी गेले असते, आणि कुणाला कळलंही नसतं. चाळीसच्या चाळीस पुन्हा केले. तेव्हापासून ब्लँकशिवाय मी काही करत नाही, स्वयंपाकसुद्धा नाही असं घरचे म्हणतात.

हे सांगायचं कारण, पुढची गोष्ट थेंबांचीच आहे.

2012 साली एक काका आले. कापूस-तूर, थोडं सोयाबीन, एका कोपऱ्यात ज्वारी. 2009 ला त्यांनी एका एकराच्या तुकड्याचा नमुना दिला होता, 0.36 आला होता. आमच्याकडून सल्ला गेला होता तो नेहमीचाच, शेणखत वाढवा. त्यांनी खरंच वाढवलं. दरसाल दोन ट्रॉल्या, घरचं पुरलं नाही तेव्हा विकत घेऊन. तीन वर्षांनी त्याच तुकड्याची माती घेऊन आले. 0.39. पत्रिकेवर पुन्हा "कमी".

काकांनी त्या दोन्ही पत्रिका माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "ताई, सहा ट्रॉल्या टाकल्या. गेलं कुठं ते?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. आपल्याकडे ऊन फार, सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतो, टाकत राहा. काका म्हणाले, "कुजलं म्हणजे गेलं कुठं? घरात धान्य कमी झालं तर उंदरानं खाल्लं का चोरानं नेलं, एवढं तरी कळतं."

या प्रश्नाला अठरा वर्षांच्या नोकरीत मी कधी हात घातला नव्हता. मी दिवसभर कर्ब जाळून मोजत होते आणि रानात तो रोज जळतोच आहे, हे माझ्या डोक्यात पुस्तकातल्या बाणांच्या चित्रापलीकडे गेलेलं नव्हतं.

घरी आल्यावर लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत कोरडी माती. दुसरीत तीच माती मूठभर शेणखत घालून, पाण्याचा हबका मारून. तिसरी नुसती रिकामी, कारण ब्लँक. सासऱ्यांच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात घोळून, निवळू देऊन, वरची नितळ निवळी तीन वाट्यांत ओतली आणि एकेक वाटी एकेका बरणीत ठेवून झाकणं घट्ट लावली. सकाळी शेणखताच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय धरली होती आणि खाली दुधट गाळ. कोरड्या मातीच्या बरणीत जेमतेम, रिकाम्या बरणीत जवळजवळ काहीच नाही. निवळीत श्वास फुंकला की ती पांढरी होते, हे शाळेत प्रत्येकानं केलेलं असतं. इथे फुंकणारी माती होती.

तिच्यात राहणारे जिवाणू, बुरशी, सूक्ष्म किडे शेण खातात, त्यातल्या थोड्या कर्बाचं अंग करतात आणि उरलेला श्वासावाटे सोडून देतात. आपण भाकरीचं करतो तेच. कोरड्या मातीतही ते असतात, पण निजलेले. पाणी पडलं की जागे होतात. उन्हाळाभर तापलेल्या रानावर मृगाचा पहिला पाऊस पडतो, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत माती वर्षातला सर्वांत मोठा उसासा टाकते. बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं 1958 साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे नीट मांडलं आणि त्याचं नाव या उसाशाला पडलं. मृद्गंध ज्याला म्हणतो तोही अशाच मातीतल्या जिवाणूंचा. आपण तो वास घेऊन कविता करतो, त्याच वेळी कर्ब रानातून निघून चाललेला असतो. (कविता वाईट नाहीत, वेळ नेमकी चुकीची.)

काका पुढच्या बाजारच्या दिवशी आले तेव्हा मी कागदावर हिशेब मांडून ठेवला होता. अंदाजी होता, पण काकांना अंदाजाचं वावडं नव्हतं. शेतकऱ्याचा सगळा व्यवहारच अंदाजाचा.

एक एकर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 9 लाख किलो माती. तिच्यात 0.36 टक्के कर्ब म्हणजे सव्वातीन हजार किलो. दोन ट्रॉल्या शेणखत म्हणजे पाचेक टन, त्यात निम्मं पाणी, उरलेल्यात उकिरड्याची माती मिसळलेली. निव्वळ कर्ब धरा 500 किलो. आपल्या उष्ण हवेत त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी श्वासात जातो. राहिला 200. तिकडे जुन्या साठ्यातलाही शंभरेक किलो वर्षाला उडतोच, मुळं जे देतात ते वजा करूनही. म्हणजे वर्षाकाठी शिल्लक 100 किलो, तीन वर्षांची 300. 9 लाखांत 300 किलो म्हणजे 0.03 टक्के.

"बरोबर आलं की," काका म्हणाले.

बरोबर आलं होतं खरं. पण मला त्यातलं दुसरंच काही दिसत होतं. माझ्या ब्युरेटचा एक थेंब म्हणजे 0.05 मिली. गणितात एका थेंबाचा अर्थ होतो 0.01 टक्के. काकांच्या सहा ट्रॉल्या, त्यांचे बैल, विकत घेतलेल्या शेणाचे पैसे, हे सगळं माझ्या टेबलावर तीन थेंब होतं. माझा हात एखाद्या दिवशी दोन थेंब चुकला असता तर त्यांची तीन वर्षं पुसली गेली असती.

मी त्यांना हेही सांगितलं. काका बराच वेळ ब्युरेटकडे बघत बसले आणि म्हणाले, "मग हात जपून चालवत जा, ताई."

उरलेल्या 1,200 किलो कर्बाचं काय? तो वाया गेला असं वाटतं, आणि मीही कितीतरी वर्षं तसंच बोलत आले. पण ज्या शेणखतातला कर्ब जात नाही ते पिकाच्या काही कामाचं नाही. कर्ब जळतो तेव्हा त्याच्याशी बांधलेला नत्र, स्फुरद, गंधक सुटा होऊन मुळांच्या वाट्याला येतो. जिवाणूंचा आणि बुरशीचा चिकट स्राव मातीचे कण धरतो, ढेकूळ भुसभुशीत होतं, पाणी मुरतं. काकांच्या तुकड्यात दोन पावसांतला खंड पीक सोसत होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पिठाच्या डब्याची पातळी बघून त्या घरात किती माणसं जेवली हे कळत नाही. भरलेला डबा बंद घरातही असतो. माझा आकडा ही डब्याची पातळी होती, आणि मी ती पंगत म्हणून वाचत होते.

कर्ब रानात येतो कुठून, हे बघायला आमच्या सासरच्या वाड्यात सोय होती. ज्वारीचं पान हवेतल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून कर्ब घेतं. आज हवेच्या दहा हजार भागांत तो वायू चारच भागांहून थोडा जास्त आहे, आणि तेवढ्यावर पुरुषभर उंचीचं ताट उभं राहतं. वाळलेल्या ताटात पाऊण भाग तरी माती असेल असं वाटतं, पण जाळून बघा, राख मूठभर उरते. तीच काय ती मातीची. बाकी हवा आणि पाणी.

कणीस आपण नेतो. भाकरीतला कर्ब एक-दोन दिवसांत आपल्या नाकावाटे परत हवेत. कडबा म्हैस खाते. त्यातला साधारण निम्माच तिला पचतो. पचलेल्यातला बराच श्वासात जातो, थोडा दुधात येतो, थोडा ढेकरांतून मिथेन होऊन जातो, आणि न पचलेला शेणात पडतो. म्हणजे शेण म्हणजे ज्वारीच्या कर्बाचा उरलासुरला हप्ता. त्यातही आमच्याकडे अर्ध्या शेणाच्या गोवऱ्या लागायच्या. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "आई, गोवऱ्या कमी थापल्या तर रानाला कर्ब मिळेल." त्या म्हणाल्या, "आणि चूल कशावर पेटवू, तुझ्या पत्रिकांवर?" पुढे गॅस आला, पण तेव्हा म्हैस गेली.

रानाला थेट मिळतात ती फक्त मुळं आणि धसकटं. त्यातली काही वाळवी खाते, काही गांडूळ खाली ओढून नेतं. डार्विननं आयुष्याच्या शेवटी, 1881 साली, गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, याचं मला कॉलेजात असताना हसू यायचं. आता येत नाही. गांडुळाच्या विष्ठेतल्या मातीच्या बारीक गोळीत अडकलेला कर्ब जिवाणूंना लवकर सापडत नाही. आमच्या काळ्या रानातली चिकण मातीही त्याला अशीच धरून ठेवते. रोटाव्हेटर या सगळ्या गोळ्या फोडतो आणि आतलं ताट उघडून जिवाणूंपुढे ठेवतो. पहिल्या वर्षी पीक जोमदार येतं, म्हणून लोकांचा त्यावर जीव. ते आजोबांच्या ठेवीचं व्याज नव्हे, मुद्दल असतं.

कोल्हापूरकडच्या प्रताप चिपळूणकरांनी उसाचे खोडवे न उकरता, मुळं जागेवर ठेवून शेती केली आणि त्यावर लिहिलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात तेच केलं, गादीवाफे मोडायचे नाहीत आणि मुळं उपटायची नाहीत. काकांनी मराठवाड्यातल्या कापसात हे जेवढं जमेल तेवढं केलं. पळाट्या आणि तुराट्या बांधावर पेटवायचं बंद केलं, यंत्रानं बारीक करून रानात पसरल्या. पहिल्या वर्षी सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा ते भडकून आले होते. भुसकट-काडीत कर्बाच्या मानानं नत्र फार कमी. ती कुजवायला बसलेले जिवाणू मातीतला नत्र आधी स्वतःसाठी उचलतात, पिकाला थांबावं लागतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणखी एक घोळ लोकांच्या मनात असायचा. मातीवर आम्ल टाकलं की फेस येतो, म्हणजे "जोर" आहे. तो फेस चुनखडीचा. आमच्या कितीतरी रानांत चुनखडी 10 टक्क्यांच्या घरात असते, आणि चुनखडीच्या वजनात 12 टक्के कर्ब असतो. म्हणजे 1.2 टक्के कर्ब दगडाच्या रूपात, जिवंत कर्बाच्या तिप्पट! हा माझ्या टेबलावर मोजलाच जात नाही आणि जिवाणूंच्या पोटालाही लागत नाही. एका रानात दोन कर्ब, एक खाल्ला जाणारा, एक नुसता पडून असलेला.

शेवटच्या तीन-चार वर्षांत गाडीतून माणसं यायला लागली. कर्ब साठवा, त्याचे पैसे मिळतील म्हणायची. जगातल्या मातीच्या वरच्या मीटरभर थरात सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, हवेत आणि झाडांत मिळून आहे त्याहून जास्त, हे ती माणसं सांगायची आणि ते खरंही आहे. पण एकानं मला विचारलं की दोन वर्षांत वाढ दाखवता येईल का. मी म्हटलं, दोन वर्षांत दोन थेंब दाखवीन, आणि त्यातला एक माझ्या हाताचा असेल. तो पुन्हा आला नाही. शेतकऱ्याला पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. फक्त ते थेंबांवर मोजून द्यायचे असतील तर थेंब मोजणाऱ्याला आधी पुरेसे नमुने आणि पुरेशी वर्षं द्या.

इंग्लंडात रोथॅमस्टेडला हूसफील्ड नावाचं जवाचं शेत आहे. तिथल्या एका पट्ट्याला 1852 ते 1871 अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही त्या पट्ट्यातला कर्ब कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या पट्ट्यापेक्षा जास्त भरत होता. तिथं थंडी आहे, आमच्यासारखं 43 अंशांचं ऊन नाही, आणि तिथं टाकलेलं शेणही भरमसाट होतं. तरी ही गोष्ट मी काकांना सांगितली. त्यांनी विचारलं, "ज्यानं टाकलं त्यानं नंतर बघितलं का?" नाही बघितलं, म्हटलं.

2023 च्या मे महिन्यात काकांनी त्याच तुकड्याचा नमुना आणला. सकाळी ब्लँक काढला, मग त्यांचा चंबू तीनदा केला. सरासरी आली 0.46. चौदा वर्षांत दहा थेंब. पत्रिकेवर "कमी"च्या जागी "मध्यम" असं पडलं. काकांनी ते वाचलं नाही, आकडा वाचला आणि पिशवी घडी करून खिशात घातली.

आता टेबलावर दुसरी मुलगी आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिचं काम सोपं करायचं असेल तर नमुना दरवेळी त्याच तुकड्याचा आणि त्याच महिन्यात काढा, शेणखत टाकायच्या आधी. बांध, झाड आणि उकिरडा सोडून आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, माती एकत्र करून सावलीत वाळवा. मागची पत्रिका सोबत आणा. आणि पिशवी खताची नको.